रिडेव्हलपमेंटच्या करारात मोराचं कलम घालता येतं का?

जिन्याखालचा_मोर (पुणे)
आमची सोसायटी १९७८ ची, बारा बिऱ्हाडं. जिन्याखालच्या भिंतीवर फुटक्या कपबश्या आणि बांगड्यांचे तुकडे बसवून केलेला मोर आहे. तळमजल्यावर चित्रकलेच्या एक बाई राहायच्या, त्यांनी आम्हा पोरांना हाताशी धरून मेच्या सुट्टीत केला. मानेची निळी कड आमच्या घरच्या बशीची. ती मीच फोडली होती.

आता बिल्डरचा प्रस्ताव आलाय. वाढीव कार्पेट एरिया, कॉर्पस म्हणजे सभासदांना मिळणारी ठोक रक्कम, भाडं, सगळं तक्त्यात आहे. मोर नाही. सभेत विचारलं तर त्यांचा माणूस म्हणतो, "काका, लॉबीत इटालियन मार्बल देतोय की!" बांधकामाच्या खर्चातून बिल्डरनं अशा कामाला पैसे द्यायचे, असं कुठे असतं का? की मीच खुळा?

फिलीची_मावशी
खुळे कशानं? मी बावीस वर्षं फिलाडेल्फियात आहे. इथल्या रिडेव्हलपमेंट अथॉरिटीची जमीन घेऊन बांधायचं, तर बांधकाम खर्चाचा निदान १ टक्का कलाकृतीवर घालावाच लागतो. १९५९ पासूनचा नियम आहे. सिटी हॉलसमोर शिल्पकार क्लेस ओल्डनबर्गचा ४५ फुटी पोलादी चिमटा उभा आहे, कपडे वाळत घालायचा असतो तसाच. १९७६ चा, आणि त्याच्या स्प्रिंगमध्ये ७६ दिसतातही. तो याच टक्क्यातला. माझी आई आली होती तेव्हा भुयारी रेल्वेच्या जिन्यापाशी मान वर करून बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "चिमटा झाला, दोरी कुठाय?"

शंकेखोर
टक्का ठीक, पण निवडणार कोण? न्यूयॉर्कला सरकारी कचेऱ्यांपुढच्या चौकात १९८१ साली शिल्पकार रिचर्ड सेराची १२० फूट लांब, १२ फूट उंच पोलादी भिंत आडवी उभी केली. तिथल्या नोकरदारांना रोजचा वळसा. तक्रारी, सुनावणी, खटला, आणि १९८९ मध्ये कापून उचलून नेली. तुमचा बिल्डर दारात फायबरचा डॉल्फिन बसवेल आणि म्हणेल, घ्या तुमची कला. हसू नका, आमच्या शेजारच्या टॉवरला आहे.

चुना_विटा
आर्किटेक्ट आहे, म्हणून थोडं लांबण लावतो. कायद्याचा टक्का नसेना का, तुमच्या हातात करार आहे. मुंबईत टीआयएफआर या विज्ञान संशोधन संस्थेत होमी भाभांनी कुठल्या सक्तीची वाट पाहिली नाही. तिथल्या लॉबीतलं एम. एफ. हुसेनचं ४५ फुटी भित्तिचित्र बघून या.

आता मोराचं. तुकडे एकेक उचकटू नका, निम्मे फुटतील. पुढून कापड पाण्यात सुटणाऱ्या गोंदानं चिकटवतात, मग मागून गिलाव्यासकट भाग कापून घेतात. हे जाणत्या माणसाचं काम आहे, पाडकामवाल्याचं नाही. म्हणून करारात लिहा: इमारत रिकामी झाल्यावर आणि पाडायच्या आधी मोर काढायचा, खर्च बिल्डरचा, रक्कम आकड्यात. 'योग्य ती काळजी घेऊ' हे शब्द दिसले की खोडा. नवी जागा मंजूर नकाशावर दाखवून घ्या, नाहीतर तिथे मीटरबॉक्स येईल. आणि मोर बसेपर्यंत बिल्डरनं सोसायटीला दिलेल्या बँक गॅरंटीतला थोडा भाग सोडू नका. बाकी कशानं बिल्डर हलत नाही.

जिन्याखालचा_मोर
सगळ्यांचे आभार. काल टेप घेऊन मोजला, ७ फूट बाय ४. वकिलांनी मसुद्यात 'मोर' खोडून 'विद्यमान भित्तिशिल्प' केलंय, तो एकदम परक्यासारखा वाटायला लागला. बाईंच्या नावाची पाटीही त्याच कलमात घातली. बिल्डरनं खर्चाला कमाल मर्यादा मागितलीय, रविवारी पुन्हा सभा.

@शंकेखोर, डॉल्फिनचा फोटो पाठवा, सभेत दाखवतो.

मोजताना पिसाऱ्यातले दोन तुकडे हातात आले. हिरव्या बांगडीचे आहेत. डबीत ठेवलेत.