‘सिन’, ‘हान्स’ आणि आपला कोट

रानजाई: एका स्वीडिश कथेचं भाषांतर करतेय. दोन भावांच्या भांडणात वाक्य येतं, ‘हान तूग हान्स रॉक, इंते सिन.’ रॉक म्हणजे कोट. ‘हान्स’ म्हणजे दुसऱ्याचा, ‘सिन’ म्हणजे नेणाऱ्याचा. मी लिहिलं, ‘त्याने त्याचा कोट नेला, आपला नाही.’ संपादकांनी ‘आपला’ खोडून ‘स्वतःचा’ केलं. वाचकाला तो कोट निवेदकाचा वाटेल म्हणाले. माझी आजी तर ‘तो आपल्या घरी गेला’ असंच म्हणायची.

कंदील: आजीचंच बरोबर. ‘तो त्याच्या घरी गेला’ हे इंग्रजी वाचून वाचून आलंय. जुन्या इंग्रजीतही ‘सीन’ होता, त्यांनी तो घालवला. आपण का घालवायचा? ‘सिन’ म्हणजे संस्कृत ‘स्व’, आणि ‘आपला’ त्याचाच.

ओसरी: ‘सिन’, ‘स्व’ आणि लॅटिन ‘सुउस’ एका मुळाचे, हे मान्य. पण ‘आपला’ आला ‘आत्मन्’वरून, प्राकृत ‘अप्प’मधून. म्हणजे मूळच बघायचं तर संपादकांचा ‘स्वतःचा’ जवळचा! वागणूक मात्र ‘आपला’चीच आहे. सिन बूक, सित हूस, सीना बार्न: पुस्तक, घर, मुलं, जी वस्तू तसं रूप बदलतं, मालक कोणी का असेना. शिवाय ‘तो आणि आपला भाऊ आले’ आपण म्हणत नाही. स्वीडिशमध्येही तिथे ‘हान्स’च लागतो.

पायवाट: नऊ वर्षं नॉर्वेत आहे. इथे ‘मानेन सिन बील’ सर्रास ऐकू येतं, शब्दशः ‘माणूस आपली गाडी’, अर्थ ‘माणसाची गाडी’. याला गार्पेगेनितिव्ह, म्हणजे ‘गार्पांची षष्ठी’, म्हणतात. बर्गन शहरातल्या हान्सा या जुन्या व्यापारी संघाच्या जर्मन व्यापाऱ्यांना ‘गार्प’ म्हणत, त्यांच्या भाषेचा हा परिणाम. आमच्या शिक्षिका लेखनात खोडायच्या, शेजारीण रोज बोलते. प्रमाण डॅनिशमध्ये कर्ता अनेकवचनी असेल तर ‘सिन’ जाऊन ‘देरेस’ (त्यांचा) येतो, आणि डेन्मार्कमधल्या यूटलंडच्या बोलींत स्वतःच्या वस्तूलाही ‘हान्स’ म्हणतात. यातलं शुद्ध कुठलं धरायचं?

कंदील: तिथलं तिथे. मराठीत सोय आहे ती वापरा.

ओसरी: सगळीकडे नाही वापरत आपण. हिंदीत ‘मैंने अपनी किताब ली’, मराठीत ‘मी माझं पुस्तक घेतलं’. स्वीडिश ‘सिन’सुद्धा तृतीयपुरुषीच. या बाबतीत आपण हिंदीपेक्षा स्टॉकहोमला जवळ आहोत, याचं मला फार अप्रूप वाटतं.

कंदील: मग ‘मी आपली गप्प बसले’चं काय?

पायवाट: त्यात मालकी कुठेय? आई ‘मी आपली निघाले’ म्हणायची तेव्हा तिच्या आवाजात ‘उगाच वाद नको’ असायचं. त्या ‘आपली’ला इथल्या भाषेत शब्द शोधून दमले.

रानजाई: पुढच्या पानावर आणखी एक आहे. ‘दोम फिक वार्शिन बूक.’ हा ‘वार्शिन’ म्हणजे ‘वार’ (प्रत्येक) आणि ‘सिन’ जोडून. ‘त्यांना आपापलं पुस्तक मिळालं’ लिहू?

ओसरी: नको. ‘आपापलं’ म्हटलं की ते आधीपासून त्यांचंच होतं असं होतं. ‘एकेक’ लिहा.

कंदील: ‘एकेक’मध्ये ‘सिन’ कुठे राहिला?