कॅलिफोर्नियन सशांमध्ये निळे आणि चॉकलेट पॉइंट घ्यायचे का? मत द्यायचंय

लांबकान: आमच्या ब्रीड क्लबात मतदान आलंय. आर्बाच्या (अमेरिकन ससेपालक संघटना) स्टँडर्डमध्ये कॅलिफोर्नियनची एकच व्हरायटी, अंग पांढरं आणि नाक-कान-पाय-शेपूट (म्हणजे पॉइंट) काळपट. तिकडे ब्रिटिश रॅबिट कौन्सिलकडे नॉर्मल (काळा), निळा, चॉकलेट, लायलॅक (फिका जांभळट-राखाडी) असे चार चालतात, मग आपणच का अडून बसायचं असं काही जण म्हणतायत. माझ्या मागच्या वेतात ८ पैकी २ पिल्लं निळी निघाली (निळी म्हणजे आपली राखाडीच), आईबाप दोघं दिसायला अगदी नॉर्मल. त्यातली एक मादी भावापेक्षा उजवी आहे हो, पाठ, मागचा भाग, सगळंच, पण शोला गेला भाऊ आणि ही राहिली पिंजऱ्यात. काय करू?

गाजरखाऊ: माझं मत 'नको'ला. एकदा दार उघडलं की उद्या कोणीतरी हार्लेक्विन (दोनरंगी पट्ट्यांचा) घेऊन येणार. जातीची ओळख नको का राहायला?

जुनाब्रीडर: ओळख म्हणताय तर ही जातच मुळात मिश्र आहे दादा. १९२३ मध्ये कॅलिफोर्नियात जॉर्ज वेस्टनी हिमालयन आणि चिंचिला या सशांच्या जाती एकत्र आणल्या, पुढे न्यूझीलंड व्हाइट घातला, आणि हे सगळं कशासाठी तर मांसल अंग आणि चांगली फर यासाठी, रंग नंतर. आणि हार्लेक्विन वेगळी गोष्ट आहे, तो बाहेरून आणावा लागेल, त्याच्याबरोबर दुसऱ्या जातीची हाडं, कान, सगळं येणार आणि ते निस्तरण्यात पिढ्या जाणार. लांबकानच्या घरात निळा बाहेरून आलेला नाही, आईबाप दोघांत लपलेला होता, म्हणून सरासरी चारातलं एक पिल्लू निळं, ८ मध्ये २ म्हणजे हिशोबातच बसतं. मला विचाराल तर आधीच रक्तात असलेला रंग घ्या, आणलेला नको.

मऊफर: तत्त्व पटतं पण जजचा विचार करा. दुसऱ्या जातीत निळा की काळा शंका आली तर डोळे बघतो आपण, निळ्याचे डोळे राखाडी असतात. कॅलिफोर्नियनचे सगळ्यांचे डोळे गुलाबी, तिथे काय बघणार? शिवाय पॉइंटचा रंग थंडीवर, गरम दिवसात चांगला काळा पण फिका तपकिरी पडतो, मग तो चॉकलेट आहे का उन्हाळा आहे? 😄 मी नवीन होतो तेव्हा घरट्यात गारठलेल्या पिल्लांच्या अंगावर राखाडी झाक आली आणि मी नवा रंग सापडला म्हणून नाचत होतो, पहिली फर गळली आणि सगळी पांढरीशुभ्र.

गाजरखाऊ: हाहा. आणि लेगचं (ग्रँड चॅम्पियनसाठी मोजला जाणारा शोमधला विजय) काय? एका लेगला वर्गात किमान ५ ससे आणि ३ मालक लागतात, आमच्याकडे आहे त्याच वर्गात कसेबसे भरतात, चार तुकडे केले तर ग्रँड चॅम्पियन कोण होणार.

जुनाब्रीडर: हा मुद्दा खरा आहे, मानतो. पण लगेच काही होत नाही, सर्टिफिकेट ऑफ डेव्हलपमेंट (नवा रंग तयार करायची आर्बाची परवानगी) घ्या, मग आर्बाच्या अधिवेशनात पास व्हा, तोवर ससे वाढतात का ते कळेलच. नाही वाढले तर आपोआप बारगळेल.

लांबकान: म्हणजे निळा-चॉकलेटला हो, लायलॅक आत्ता नको (त्याला निळा आणि चॉकलेट एकत्र यावे लागतात, आईबाप दोघांत दोन्ही लपलेले असले तरी सोळात एक पिल्लू, त्याचा वर्ग कोण भरणार) असं लिहून देतो. आणि ही मादी ठेवतेय म्हणजे ठेवतेच असं बायको म्हणते. तिला कुठल्या नराला देऊ?

जुनाब्रीडर: ज्या नरावर शंका आहे त्यालाच द्या. ७ पिल्लं सगळी काळी आली तर तो निळा लपवत नसणार, १२८ मध्ये एकदाच फसाल. एक जरी निळं आलं तर त्याच्या कार्डावर लिहून ठेवा, आणि विकताना घेणाऱ्याला सांगा, तुम्हाला कोणी सांगितलं नव्हतं ना?