काकींच्या स्मरणार्थ वाडीत काय करावं? शेड, डोण की कुत्र्यांचं लसीकरण?

पाखाडीवरून
गुहागर तालुक्यात किनाऱ्यालगत आमची वाडी. तिथल्या काकी गेल्या ज्येष्ठात वारल्या. अंगणवाडीतून निवृत्त झाल्यावर एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांची औषधं आणणं, अडलेल्या बाईला रात्री-अपरात्री दवाखान्यात पोचवणं, दारात येईल त्या कुत्र्यामांजराला घास घालणं, सुटलेल्या गुरांना पाणी पाजणं, हे सगळं त्या न बोलता करायच्या. आता ते थांबलंय. वर्षश्राद्धाच्या निमित्ताने मुंबई मंडळ वर्गणी काढायला तयार आहे. काहींना कुत्र्यांसाठी शेड आणि संगमरवरी पाटी हवी, काहींना गुरांसाठी पाण्याची डोण. मला रेबीजचं लसीकरण व्हावं असं वाटतं. तीन वाड्यांत मिळून ६० च्या आसपास कुत्री आहेत. यातलं झेपेल असं काय आणि कुठे फसतं?

खाडीपलीकडे
शेड नको. जागा झाली की आजूबाजूच्या गावांतली पिल्लं पोत्यात घालून तिथे आणून सोडतात. दाटीत पार्व्हो (रक्ती जुलाबाचा विषाणू-आजार) शिरतो आणि लस न झालेली पिल्लं पटापट जातात. पूर्णवेळ माणूस ठेवता येणार नसेल तर तो विषय सोडून द्या.

लसीकरण जरूर करा, पण दरवर्षी करायचं ठरवूनच. रेबीजची साखळी तुटायला परिसरातल्या किमान ७० टक्के कुत्र्यांना लस लागते. कुत्र्यांची पिढी भराभर बदलते, त्यामुळे यंदा गाठलेलं प्रमाण पुढच्या वर्षी आपोआप खाली येतं. तुमच्या ६० मध्ये ४२ हा तळ झाला, ५० धरून चाला.

दहा मात्रांच्या बाटल्या मिळतात, ६ घ्या. मात्रा १ मिली, कातडीखाली, प्रत्येक कुत्र्याला नवी सुई. टोचायचं काम पशुवैद्यकाचंच. लस २ ते ८ अंशांत राहिली पाहिजे, आणि सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. मासळीच्या थर्माकोल पेटीत थेट बर्फात बाटल्या पुरल्या की लस गोठते. वितळल्यावर ती दिसायला चांगली दिसते, पण कामातून गेलेली असते. बर्फाच्या पिशव्या फ्रीझरमधून काढून त्यांना घाम फुटेपर्यंत बाहेर ठेवा, वर्तमानपत्रात गुंडाळा आणि मगच बाटल्यांच्या बाजूने लावा. फोडलेली बाटली त्याच दिवशी संपवायची, उरेल ते टाकून द्यायचं.

देवळासमोर टेबल मांडून शिबिर घेतलं तर फक्त साखळीने बांधलेली कुत्री येतील. मोकळी राहिली तर सगळी मेहनत वाया. म्हणून सकाळी ७ ते १० घरोघर चालत जा. कुठल्या कुत्र्याला कोण घास घालतं त्याची यादी आधी करा, कारण मोकळं कुत्रं त्याच माणसाच्या हाताला लागतं. तोंड बांधायला दोन बोटं रुंद सुती पट्टी पुरते: एक फेर नाकावर, एक जबड्याखाली, शेवटची सरकगाठ कानांमागे. टोचून झालं की लगेच सोडा. कुत्रं धापून अंग थंड करतं, तोंड बांधलेलं राहिलं तर उन्हात त्याला त्रास होतो. डोक्यावर रंगाचा ठिपका द्या आणि वहीत रंग, नर की मादी, कुठल्या घराजवळचं एवढं लिहा. ३ महिन्यांखालच्या पिल्लांची यादी वेगळी ठेवा, त्यांची फेरी नंतर करावी लागेल.

धरणाऱ्यांनी स्वतःची प्रतिबंधक लस आधी घ्यावी: पहिला दिवस, ७ वा आणि २१ वा किंवा २८ वा. म्हणजे तयारी महिनाभर आधी सुरू. तरी चावा लागलाच तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं जखम धुवायची. हळद, चुना, तिखट काही भरायचं नाही, टाके घाईने घालू द्यायचे नाहीत. त्याच दिवशी आरोग्य केंद्र गाठायचं. रक्त आलं असेल तर लसीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही (रेबीजविरुद्धची तयार प्रतिपिंडं) लागतं, ते विचारून घ्या.

नसबंदी हा पुढचा टप्पा. भटक्या कुत्र्यांसाठी ती २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार, पशुकल्याण मंडळाची मान्यता असलेल्या संस्थेकडूनच करावी लागते. सहा महिन्यांखालच्या पिल्लांवर शस्त्रक्रिया करायची नाही. (हे नियम १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखालचे. तो कायदा व्हावा म्हणून राज्यसभेत झटल्या त्या रुक्मिणीदेवी अरुंडेल, याच मंडळाच्या पहिल्या अध्यक्षा. काकींच्या पाटीवर त्यांचाही उल्लेख शोभेल.)

आणि घास घालायची जागा किनाऱ्यापासून लांब ठेवा. नोव्हेंबर ते मार्च कासवं अंडी घालायला वर येतात आणि मासळीच्या वासाने वाळूवर जमलेली कुत्री घरटी उकरतात.

चिरेबंदी
डोणीबद्दल. आतून ४ फूट लांब, दीड फूट रुंद, १ फूट खोल केलीत तर साधारण १७० लिटर पाणी मावतं. उन्हाळ्यात मोठं जनावर दिवसाला ४० ते ६० लिटर पितं, म्हणजे तीन-चार गुरांत डोण रिकामी. टाकीवरून फ्लोट व्हॉल्व्ह घ्या, नाहीतर आठवड्यात भरणारा माणूस कंटाळतो.

जांभ्याचा चिरा पाणी पितो. आतून सिमेंट-वाळूचा १:४ गिलावा हवाच आणि त्यावर निदान आठवडाभर पाणी मारायचं. वाळू नदीची घ्या. समुद्राची फुकट मिळते म्हणून वापरली तर तिच्यातल्या मिठाने गिलावा फुगून सुटतो. तळाला एका टोकाकडे उतार आणि तिथे दीड इंची नळी बुचासकट. हे विसरलं की डोण कधीच धुतली जात नाही. आत एका बाजूला तिरका दगड बसवा, पडलेली खार किंवा पक्ष्याचं पिल्लू त्यावरून वर येतं. कुत्र्यांसाठी शेजारी अर्धा फूट उंचीची वेगळी कुंडी.

आठवड्यातून एकदा रिकामी करून काथ्याने घासायची. नुसतं पाणी बदलून भागत नाही, डेंग्यूच्या डासाची अंडी भिंतीला चिकटून राहतात. भोवती जांभ्याची खडी टाका. चिखल आणि जनावरांचं मूत साचलं की लेप्टोची (मुतातून पसरणाऱ्या तापाची) भीती, अनवाणी तर कोणीच उभं राहू नये. सांडपाण्याचा पाट विहिरीच्या उलट दिशेला काढा. आणि डोण कोणाच्या सातबाऱ्यात येते ते आधी बघा.

हिशेबाची वही
पैसे कोणाच्याही खासगी खात्यावर घेऊ नका. गाव आणि मुंबई यांच्यात भांडण लागतं ते इथूनच. नवी संस्था काढायची तर १८६० च्या कायद्याखाली किमान ७ सभासद लागतात. त्यापेक्षा तुमचं मंडळ धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेलं असेल तर त्यातच काकींच्या नावाने वेगळा राखीव निधी करा. ठरावात दोन गोष्टी लिहून घ्या: मुद्दल मोडायचं नाही आणि पैसे काढताना दोन सह्या, एक गावातली, एक मुंबईची. समजा २ लाखांची ठेव ६.५ टक्क्यांनी ठेवली तर वर्षाला १३,००० व्याज. सुया, बर्फ, गाडीभाडं आणि डोणीची डागडुजी त्यात बसवायची.

म्हाताऱ्यांचं कामही या निधीत धरा, ते कुत्र्यांइतकंच काकींचं होतं. एकट्या राहणाऱ्यांची यादी, प्रत्येकाच्या चालू गोळ्या, मुलांचे फोन, आणि पंधरवड्याने जाणारी दोन माणसं ठरलेली. एकच नेमलं तर ते आजारी पडलं की सगळं बंद.

पाखाडीवरून
खूप आभार. शेड रद्द करायला मंडळ तयार होईल असं दिसतंय. अडचण एकच, तिथी ज्येष्ठात येते, ऐन पावसात. लसीकरण त्याच दिवशी करावं असा आग्रह आहे.

खाडीपलीकडे
करू नका. पावसात कुत्री पडव्यांत आणि गोठ्यांत दडून बसतात, निम्मी सापडणार नाहीत आणि ७० टक्के गाठणं कठीण. तिथीला निधीचा ठराव वाचा आणि वहीत कुत्र्यांची नावं-ठिकाणं भरायला घ्या. गणपतीला चाकरमानी आले की धरणारे निवडून त्यांच्या लसींच्या तारखा ठरवा. ऑक्टोबरात पशुवैद्यकीय दवाखान्यात वाडीवार आकड्यांसह लेखी मागणी द्या आणि फेरी डिसेंबरात लावा. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यायला विसरू नका.