अंद नाळ (1954) बघितला का कोणी? दोन प्रश्न आहेत, शेवट फोडू नका प्लीज

लोकमान्यनगरकर
नमस्कार मंडळी, परवा रात्री आईसोबत जुना तमिळ सिनेमा बघितला, अंद नाळ. नाव वाचून आपली बेंबीची नाळ आठवते पण तमिळमध्ये नाळ म्हणजे दिवस, म्हणजे ‘तो दिवस’. मद्रासच्या ट्रिप्लिकेनमध्ये राजन नावाचा रेडिओ इंजिनियर घरात गोळी लागून मरतो आणि मग सीआयडी ऑफिसर एकेकाची जबानी घेत बसतो, बायको उषा, धाकटा भाऊ पट्टाभी, त्याची बायको हेमा, शेजारचे चिन्नय्या पिळ्ळै आणि राजनचं जिच्याशी बाहेर लफडं असतं ती अंबुजम. प्रत्येकाच्या तोंडून वेगळाच राजन समोर येतो. शिवाजी गणेशनसारखा हीरो आणि सिनेमा सुरू होताच मेलेला!

आई भुट्टे किसत बसली होती, सकाळी कीस करायचा होता ना. तिला तमिळचा त येत नाही आणि सबटायटल इंग्लिशमध्ये, म्हणून मी मधेमधे सांगत होतो तर थोड्या वेळाने म्हणाली तू गप्प बस, मला चेहरे दिसताहेत. हेमाची जबानी सुरू झाली आणि किसणी परातीत तशीच राहिली, अर्धं कणीस हातात, शेवटपर्यंत. संपल्यावर पहिलं वाक्य काय, तर ‘अरे, एक पण गाणं नाही आलं.’ मला तोवर लक्षातच आलं नव्हतं!

आता प्रश्न. आईचा असा की सिनेमात दाखवलंय तसे दुसऱ्या महायुद्धात मद्रासवर खरंच बॉम्ब पडले होते का, का सिनेमापुरतं? आणि माझा असा की ऑफिसातला मित्र म्हणतो ही सरळसरळ राशोमोनची (कुरोसावाचा 1950 चा जपानी सिनेमा) कॉपी आहे. मला मुळीच नाही पटत पण नीट मांडता येत नाहीये.

सुदामानगरची_मावशी
आईंना सांग, खरंच पडले होते. 11 ऑक्टोबर 1943 ची रात्र, सिनेमातही हीच तारीख आहे. जपानी विमान येऊन बॉम्ब टाकून गेलं, नुकसान फार नाही झालं पण धास्ती आधीपासूनच होती. एप्रिल 1942 मध्ये कोलंबो, विशाखापट्टणम, काकीनाडा इथे जपान्यांनी हल्ले केले तेव्हाच अर्धं मद्रास घरदार बंद करून आत गावाकडे निघून गेलं होतं. लग्नानंतर आम्ही नऊ वर्षं चेन्नईला होतो, तिथले म्हातारे लोक त्या दिवसांबद्दल बोलायला लागले की थांबायचे नाहीत. त्याच्याही आधी, 1914 मध्ये एम्डन नावाच्या जर्मन जहाजाने मद्रासवर तोफा डागल्या होत्या, तर तमिळमध्ये आजही धाडसी, बिलंदर माणसाला एम्डन म्हणतात!

म्हणून मला तो बॉम्बचा संदर्भ नुसता देखावा नाही वाटत. 1954 च्या प्रेक्षकाने ती भीती अकराच वर्षांपूर्वी अंगावर घेतलेली होती, त्यात रेडिओ इंजिनियरचा खून म्हटल्यावर त्याच्या मनात काय काय आलं असेल बघा. ह्यापुढे बोलले तर शेवट फुटेल.

सराफ्यातला
भिया तुझ्या मित्राला म्हणावं राशोमोन परत एकदा बघ. दिग्दर्शक एस. बालचंदर यांनी कुरोसावाचा सिनेमा बघितला होता आणि कल्पना तिथून सुचली हे खरंय, पण राशोमोनमध्ये एका सामुराईचा, म्हणजे जपानी योद्ध्याचा खून होतो, तर डाकू म्हणतो मी मारलं, सामुराईच्या बायकोच्या जबानीतून वाटतं तिच्याच हातून झालं, आणि मेलेला सामुराई म्हणतो मी स्वतःलाच मारून घेतलं. म्हणजे जो तो खून आपल्या अंगावर ओढून घेतो! इथे उलटं, जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो, भाऊ असो की शेजारी, आणि ते बोट दाखवताना स्वतःचा हावरटपणा किंवा जळफळाट बाहेर पडतो. मला तर हे जास्त आपल्या घरांसारखं वाटतं, वाटणीच्या भांडणात कोणाचं ऐकत बसा मग कळेल. शिवाय कुरोसावा खरं काय ते सांगतच नाही, इथे सांगतात. मेलेलं माणूस प्रत्येकाला वेगळं दिसतं ह्या बाबतीत 1950 चाच इंग्लिश सिनेमा द वुमन इन क्वेश्चन जास्त जवळचा आहे, तोही बघ.

आणि कॉपी म्हणणाऱ्याने हे पण बघावं की तमिळमध्ये गाणी, नाच, मारामारी काहीच नसलेला हा पहिला सिनेमा. एव्हीएमसारख्या मोठ्या बॅनरने तो काढला आणि तेव्हा चालला नाही, लोकांना गाणी पाहिजे होती. मारुती राव यांचा कॅमेरा बघा, खोलीत अर्धा चेहरा उजेडात नि अर्धा अंधारात, मग आईंना सबटायटल कशाला लागतील.

सुदामानगरची_मावशी
पंढरीबाईंचं नाव राहिलं की हो! उषाचं काम केलंय त्यांनी. 1952 च्या पराशक्तीत, म्हणजे शिवाजीच्या पहिल्याच सिनेमात, त्याची हिरॉइन त्याच होत्या. अंद नाळमध्ये आवाज चढवत नाहीत, रडारड नाही, आणि शेवटच्या वीस मिनिटांत सगळा सिनेमा त्या एकट्या उचलून नेतात. आणि तो सीआयडी झालेला जावर सीतारामन, सिनेमा लिहिलाय पण त्यानेच.

बालचंदर मूळचे वीणावादक, बरं का. पुढे सिनेमा सोडून पूर्ण वीणेचेच झाले, 1982 मध्ये पद्मभूषण मिळालं. अंद नाळ लागला 13 एप्रिल 1954 ला, आणि ते गेले 1990 मध्ये, तारीख तीच 13 एप्रिल. गेले कुठे तर भिलाईला, तेव्हा भिलाई आपल्या मध्यप्रदेशातच होतं.

लोकमान्यनगरकर
मावशी, सराफा भाऊ, खूप खूप आभार. मित्राला लिंक पाठवली, अजून उत्तर नाही. आईला सगळं वाचून दाखवलं, बॉम्बचं ऐकून घेतलं, भिलाईपाशी मला थांबवलं आणि म्हणाली, ज्याने सिनेमात एक गाणं ठेवलं नाही तो माणूस स्वतः वीणा वाजवायचा? मग सकाळी सकाळी त्यांची वीणा शोधून लावली. आत्ता ती तेच ऐकत बसून राहिलीये, चहा गार झाला.