मदत हवी: दर गुरुवारी मेलचं लॉगिन तुटतं, 'इनव्हॅलिड ग्रँट' येतं

नमस्कार मंडळी. सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका चादरी-टॉवेलच्या कारखान्यात मी हिशोब बघतो, आणि कॉम्प्युटरचं कळतं म्हणून तेही माझ्याच गळ्यात. ऑर्डरी जीमेलवर येतात. त्या वाचून एक्सेलमध्ये उतरवणारा छोटा प्रोग्राम पायथनमध्ये केलाय. मेल आयमॅपनं (सर्व्हरवरून मेल वाचायची पद्धत) ओढतो, लॉगिन ओऑथनं (पासवर्डऐवजी ब्राउझरमधून एकदा परवानगी देऊन टोकन, म्हणजे डिजिटल पास, घ्यायची पद्धत).

तासाभराचं अ‍ॅक्सेस टोकन बिनबोभाट नवं होतं. अर्धा तास शांत बसलं तर सर्व्हर हाकलू शकतो, म्हणून आयडल (नवी मेल आली की कळव, असं सर्व्हरला सांगून थांबणं) दर 29 मिनिटांनी नव्यानं लावतो. तिथं काही त्रास नाही. पण गुरुवारची दुपार झाली की टोकन नवं करतानाच 'इनव्हॅलिड ग्रँट' (दिलेली परवानगी चालत नाही), आणि सगळं ठप्प. ब्राउझरमधून परत परवानगी दिली की पुन्हा आठवडाभर शहाण्यासारखं चालतं.

आधी लाईटीवर संशय घेतला. मशीन बंद पडून घड्याळ मागं जात असेल म्हटलं, तर वेळ बरोबर. टोकनची फाईल जागेवर. पासवर्ड कुणी बदललेला नाही (मालकांना दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा विचारायचं धाडस झालं नाही). कुठं बघू तेच कळंना.

प्रतिसाद:
दादा, कोडला हात लावू नका. गूगलच्या क्लाउड कन्सोलमध्ये (जिथं तुमच्या प्रोग्रामची ओऑथसाठी नोंद आहे) कन्सेंट स्क्रीन, म्हणजे परवानगीच्या पानाची सेटिंग, उघडा. यूझर टाइप 'एक्स्टर्नल' आणि स्टेटस 'टेस्टिंग' असेल तर रिफ्रेश टोकन (ज्याच्या जोरावर अ‍ॅक्सेस टोकन नवं होतं ते) 7 दिवसांतच मरतं. पहिली परवानगी तुम्ही गुरुवारीच दिली असणार. अ‍ॅप पब्लिश करा आणि एकदा नव्यानं लॉगिन करा, जुन्या टोकनवर विसंबू नका. अ‍ॅप तपासलेलं नाही असा इशारा येईल. तुमचंच आहे, पुढे जा. एवढी खटपट नको असेल तर खात्याचं टू-स्टेप (दोन टप्प्यांचं लॉगिन) चालू करून प्रोग्रामसाठी वेगळा 16 अक्षरी अ‍ॅप पासवर्ड घ्या, एका खात्याला पुरतो. फक्त खात्याचा पासवर्ड बदलला की रिफ्रेश टोकन आणि अ‍ॅप पासवर्ड दोन्ही रद्द होतात, मालकांच्या कानावर घालून ठेवा.

मूळ धागाकर्ता:
'टेस्टिंग'च होतं की ओ! तीन आठवडे लाईटीला शिव्या घातल्या. आज गुरुवारच, आत्ताच पब्लिश करून लॉगिन केलं. पुढच्या गुरुवारी दुपारी कळवतो.