पाचशेच्या आत नवऱ्याला काय दिलंत? – अनुभव धागा

आबोली (साखळी)

दिवाळी पाडव्याला आपण नवऱ्याला ओवाळतो, पण ताटात जे पडतं ते आपल्यासाठी. उलट द्यायची रीतच नाही, त्यामुळे त्यांचा वाढदिवस आला की आपली उडी शर्ट, पाकीट नाहीतर सेंट. घरातलं कपाट उघडा, घडी न मोडलेले निदान दोन शर्ट निघतील.

तर हा धागा त्यासाठी. अट एवढीच की साधारण पाचशेच्या आतलं असावं आणि ते अजून वापरात असावं. आणि मुख्य म्हणजे ते सुचलं कसं ते लिहा. तुमच्या नवऱ्याला आवडलेली वस्तू माझ्याकडे चालेलच असं नाही, पण नजर उसनी घेता येते.

सुरुवात मी करते. आमचे हे रोज स्कूटरने पणजीला जातात. गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि यांच्या ऑफिसचं पार्किंग उघड्यावर. सीटवर प्लास्टिकची पिशवी चढवायचे, ती एकतर वाऱ्याने उडायची, नाहीतर दुसराच कोणीतरी आपल्या सीटवर चढवायचा. घरी काड्या मोडलेली मोठी छत्री पडून होती. तिचं कापड काड्यांवरून सोडवलं. त्यात आठ त्रिकोण जोडलेले असतात आणि मधोमध टोकाच्या जागी भोक. पाणी नेमकं तिथून आत जाणार, म्हणून जुन्या रेनकोटचे दोन तुकडे घेऊन एक आतून, एक बाहेरून लावला. सगळ्या शिवणींवर मेणबत्ती घासली, कडेला दुमड घालून इलास्टिक ओवलं. खर्च काय तो इलास्टिकचा. घडी केली की डिकीच्या कोपऱ्यात मावतं.

वाढदिवसाला हातात दिलं तेव्हा म्हणाले, "हें कितें, टोपी?" आता त्यांच्या ऑफिसातले लोक माझ्याकडे मोडक्या छत्र्या पाठवतात.

पडद्यामागची (फोंडा)

आबोलीताई, छान धागा. माझं थोडं लांबेल.

आमच्या गावात जत्रा म्हटली की नाटक आलंच, आणि नाटक म्हटलं की आमच्या घरात दोन महिने तालीम. नवरा कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत शिफ्टमध्ये काम करतो. संध्याकाळी घरी येऊन अंघोळ, चहा, की निघाला देवळाच्या सभामंडपात. एका वर्षी मोठी भूमिका मिळाली. पुस्तक एकच, त्याच्या झेरॉक्स काढलेल्या, त्यांचीही परत झेरॉक्स. अक्षरं पुसट, मुंग्यांएवढी. चाळिशीचा चष्मा नुकता लागलेला, पण तालमीत घालायची लाज. रात्री जेवणानंतर कागद हात लांब करून धरायचा आणि दोन ओळी वाचून खाली ठेवायचा.

जुन्या नटांकडे 'नक्कल' असायची हे माझ्या सासऱ्यांनी सांगितलं. नक्कल म्हणजे पूर्ण नाटक नव्हे. फक्त आपली वाक्यं, आणि प्रत्येक वाक्याआधी समोरच्याच्या बोलण्याचे शेवटचे दोन-तीन शब्द, म्हणजे कधी तोंड उघडायचं ते कळतं. छपाई महाग होती तेव्हा सगळी पात्रं अशी हाताने उतरवून घ्यायची. म्हटलं, आपण हेच करू.

फुलस्केप कागद आणले, एक ओळ सोडून एक ओळ लिहायला घेतलं. याची वाक्यं काळ्या शाईत, समोरच्याचे शब्द लाल. जिथे दिग्दर्शकाने "थांब" म्हणून सांगितलंय तिथे रेघ. ते मला कसं माहीत? तालमीला डबा द्यायला जायचे ना! अंक संपला की कोरं पान, म्हणजे पाठीमागचं दिसून घोळ नको. हा रात्रपाळीला गेला की मी लिहायला बसायचे. लिहिताना एक गंमत झाली, त्याची भाषणं मलाच पाठ झाली. पुढे भाकऱ्या थापता थापता मी समोरच्याचे शब्द टाकायचे आणि हा ओट्याला टेकून आपली वाक्यं म्हणायचा.

दोऱ्याने शिवून, वर पुठ्ठा लावून वाढदिवसाला दिली. आधी नुसता चाळत बसला. मग, "अगो, हें तुवें बरयलां?" (अगं, हे तू लिहिलंस?) त्या रात्री मंडळातल्या बाकीच्यांनी ती वही हातोहात फिरवली आणि नायिकेचं काम करणाऱ्याने मला त्याचीही करून द्यायला सांगितलं. त्याला म्हटलं, बायकोला सांग.

खर्च: कागद आणि दोन पेनं. वेळ मात्र भरपूर लागतो, त्यामुळे आठवडाभर आधी सुचून उपयोग नाही.

कॉलर (मडगाव)

शर्ट नको म्हणालात, पण जुना चालेल ना? नवऱ्याचा एक निळा शर्ट आहे, त्याच्यावर भारी जीव. कॉलर दुमडीवर विरून पांढरी पडली होती, तरी सोडत नव्हता. शिंप्याकडे नेऊन कॉलर उसवून उलटी करून घेतली. आतली न विरलेली बाजू वर आली, कफसुद्धा तसेच. शिंप्याने घेतले ते पैसे एका प्लेट भजीइतके. हल्लीच्या मुलांना हे काम ठाऊक नाही, वयस्क शिंपी शोधा. आणि शर्ट धुवायला टाकलेला असताना गुपचूप न्या, नाहीतर दिवसभर "माझा शर्ट कुठाय" ऐकावं लागतं.

शुक्रवारवाली (म्हापसा)

मी एकदा फोटोचा मग मागवला होता ऑनलाइन. आला तो कान तुटून, आणि पैसे परत मिळवण्यात जो वेळ गेला त्यात मी मडकं घडवलं असतं. तेव्हापासून आमच्याकडे खायचीच भेट. शुक्रवारच्या बाजारातून मयडे गावची केळी आणते, ती जाडजूड लांब असतात ती, आणि त्यांचा हलवा. केक नाही, मेणबत्ती नाही. सुचायला काय लागतं? लग्नानंतर पहिल्यांदा सासूबाईंचा डबा उघडला तेव्हा हा कसा बघत होता ते बघितलंय.

गरीवाला (कोलवाळ)

नवरेमंडळींनी लिहिलेलं चालेल का? चालेल असं धरतो.

आम्हाला वस्तू फारशा लागत नाहीत हे खरंय, पण "मला काही नको" म्हणतो तेव्हा आम्हाला काहीच नको असतं हे खोटं. मला मिळालेली सर्वांत बरी भेट सांगतो. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत ट्रॉलरना मासेमारी बंद. बाजारात मासळी कमी आणि भाव ऐकून घरी परत यावं असा. त्या दिवसांत मी पूर्वी कोलवाळच्या पुलापाशी शापोरा नदीच्या काठी गरी (गळ) घेऊन बसायचो. मुलं झाली, घराचं बांधकाम निघालं, ते सुटलं.

बायकोने सुपारीचा जुना पत्र्याचा डबा घेतला. त्यात खणांसाठी पुठ्ठ्याच्या पट्ट्या घातल्या. एका खणात वेगवेगळ्या मापाच्या गऱ्या, एकात शिसं, एकात तंगूस (मासेमारीचा नायलॉनचा दोरा) गुंडाळलेली काडी. मापं तिने दुकानात विचारून घेतली, कारण मला विचारलं असतं तर कळलं असतं. झाकणाच्या आत एक चिठ्ठी चिकटवलेली: "जून-जुलैचे रविवार सकाळी तुझे. पाहुणे आले तर मी बघते."

डबा तीनेकशे रुपयांचा असेल. चिठ्ठीची किंमत ज्याला रविवारी सकाळी मेव्हण्याच्या घरभरणीला जावं लागतं त्याला विचारा. तिने शब्द पाळला. मी मात्र दर वेळी तांबसो मासा आणतो असं नाही. बहुतेकदा कोळंबी संपते, आमिषाची, आणि मी हात हलवत येतो. तेव्हा ती काही बोलत नाही. हाही भेटीचाच भाग समजतो.

पडद्यामागची (फोंडा)

गरीवाले भाऊ, मेव्हणा हा धागा वाचत नसेल अशी आशा.

पिवळी ट्रक (कुडचडे)

माझा अनुभव जरा वेगळा आहे, धाग्यात बसतो का बघा.

आमच्या भागात खाणीचा ट्रक म्हणजे घर होतं. कर्ज काढून घेतलेला. सप्टेंबर २०१२ मध्ये सरकारने खाणी थांबवल्या आणि ऑक्टोबरात सुप्रीम कोर्टाची बंदी आली. ट्रक अंगणात. हप्ते चालू. नवरा सकाळी उठून सवयीने किल्ली हातात घ्यायचा आणि परत खुंटीला लावायचा.

दसऱ्याला आमच्याकडे गाड्यांची पूजा असते. दरवर्षी हा आदल्या दिवशी ट्रक धुवायचा, बोनेटला हार, चाकांखाली लिंबं. त्या वर्षी म्हणाला, उभ्या गाडीची पूजा कसली. मी काही बोलले नाही. तो बाजारात गेला तेव्हा शेजारची पोरं हाताशी घेतली. नळी लावून सगळी लाल माती काढली. टायरच्या खाचांत ती सुकून दगड झालेली असते, खिळ्याने खरवडावी लागते. केबिनमधले सीटचे अभ्रे धुऊन वाळवले. काचेसमोरच्या देवाला आबोलीचा वळेसर (गजरा) घातला. झेंडूचा हार विकत आणायला पैसे नव्हते असं नाही, पण द्यावेसे वाटले नाहीत, म्हणून परसातल्या झेंडूचा केला.

आला, बघितलं, आणि आधी मला ओरडला की बॅटरीजवळ पाणी का मारलंस. मग बॅटरी पुसली, चढला आणि इंजिन चालू केलं. पोरं टाळ्या वाजवायला लागली. पुढे वर्षभराने आम्ही तो विकला. पण विकायच्या आधी तो दर आठवड्याला इंजिन चालू करून ठेवायचा, आणि त्यामुळेच गिऱ्हाईकाला तो चालता दाखवता आला. भेट म्हणून केलं नव्हतं, पण त्या साली वाढदिवसाला दुसरं काही दिलं नाही.

बोटीवरचा माणूस (वास्को)

पिवळी ट्रक, बसतो हो धाग्यात. चांगला बसतो.

आमचा नवरा बोटीवर, किचनमध्ये. एकदा गेला की सात-आठ महिने. सामानाचं वजन मोजून न्यायचं, त्यामुळे जड भेट बाद. मी निघताना एक कालनिर्णय देते. तो काही रिकामा नाही. आधीपासून माहीत असलेलं सगळं चौकोनांत लिहिलेलं असतं: मुलाची परीक्षा, बाबांची डोळ्यांची तारीख, गावची जत्रा, चवथीला (गणपतीत) कुठल्या दिवशी कोणाकडे जेवण. एकदा मुलाने स्वतःच कोडी घातली. एका तारखेला कोडं, उत्तर पुढच्या आठवड्याच्या चौकोनात उलट्या अक्षरांत. फोन लागला की नवरा म्हणायचा, थांब, मला सांगू नकोस, विचार करतोय. बंकच्या वर चिकटवतो, जुनं झालं तरी फेकत नाही. शेजारच्या बंकवरचा केरळचा माणूस म्हणे यातल्या तारखांवर बोट ठेवून विचारतो, आज तुझ्या घरी काय?

वाचनालय (पणजी)

पाटोवरचं कृष्णदास शामा ग्रंथालय १८३२ पासूनचं आहे, आणि आपल्याला ते फक्त स्पर्धापरीक्षेच्या पोरांचं वाटतं. नवऱ्याच्या पन्नाशीला मी तिथे अर्ज करून त्याच्या जन्मदिवशीच्या वर्तमानपत्राची फाईल बघितली आणि परवानगीने पहिल्या पानाची प्रत काढली. अंकाची किंमत पैशांत, सिनेमाच्या जाहिराती पानभर. फ्रेमसाठी जास्त खर्च झाला. पण खरं सांगू? नवऱ्याने दोन मिनिटं बघितलं आणि सासऱ्यांनी हिसकावून घेतलं. त्या जाहिरातीतलं थेटर, त्या दुकानाचा मालक, तेव्हाचा तांदळाचा भाव, जेवण थंड झालं तरी त्यांचं चालूच. म्हणजे भेट एकाला आणि लागली दुसऱ्याला. ज्यांच्याकडे सासरे बोलके आहेत त्यांनी आपल्या जबाबदारीवर करावं.

शामेळ (डिचोली)

माझं बजेट थोडं ओलांडलं, भाऊबीजेचे पैसे घातले, चालवून घ्या.

चवथीला आमच्याकडे आरत्या घुमटावर, म्हणजे तोंडाला कातडं मढवलेल्या मातीच्या मडक्याच्या वाद्यावर. नवरा लहानपणापासून वाजवतो, पण घरचं घुमट घोरपडीच्या कातड्याचं, आजोबांच्या वेळचं. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने घोरपड मारायला बंदी आहे, त्यामुळे ते फाटल्यावर पुन्हा मढवायचा प्रश्नच नव्हता. २०१९ मध्ये सरकारने घुमटाला राज्याचं वारसा वाद्य केलं, तेव्हापासून बकऱ्याच्या कातड्याची घुमटं सहज मिळायला लागली. याचं म्हणणं, बकऱ्याला तो नाद नाही. दोन चवथी शेजाऱ्याच्या घुमटावर काढल्या आणि घरी येऊन कुरकुर.

मी आमच्या कुंभाराकडूनच घेतलं. याला न सांगता याच्या भजनी मंडळातल्या म्हाताऱ्या मास्तरांना सोबत नेलं, कारण मला त्यातलं काय कळतं? त्यांनी मडकं आधी कातड्याशिवाय बोटाने वाजवून बघितलं. तडा असेल तर आवाज बसका येतो. मग उघड्या तोंडावर तळहात ठेवून, उचलून, पुन्हा ठेवून. सात-आठ मडकी बाजूला सारली तेव्हा एक पसंत पडलं. मढवून मिळायला काही दिवस गेले.

हाताळून झाल्यावर म्हणाला, "बरें आसा, पूण..." हा 'पूण' आमच्या घरात राहणारच. चवथीला आरतीला मात्र हेच घेऊन बसला.

घेणार असाल तर दोन गोष्टी. चवथ तोंडावर आली की कुंभाराला श्वास घ्यायला फुरसत नसते, तेव्हा मे महिन्यात जा. आणि पावसाळी हवेत कातडं सैल पडतं, वाजवण्याआधी थोडं उन्हात नाहीतर चुलीच्या उबेला धरावं लागतं. गॅसच्या शेगडीवर धरू नका, कातडं करपतं, आणि तो वास दोन दिवस स्वयंपाकघरातून जात नाही.