मदत हवी आहे: विंचेस्टर भाऊ काइनाचे वंशज कसे?
‘सुपरनॅचरल’ ही मालिका पुन्हा बघतोय, सॅम आणि डीन या विंचेस्टर भावांची. पाचव्या सीझनमध्ये १९७८ सालात देवदूत मायकल त्यांच्या वडिलांच्या, म्हणजे तरुण जॉनच्या अंगात शिरून डीनला शांतपणे सांगतो, तुमचं रक्त थेट आदामाचे मुलगे काइन आणि हाबेल यांच्यापर्यंत जातं. तिथेच पॉज केलं. अहो, बायबलच्या ‘उत्पत्ती’ या पुस्तकात हाबेलला मूलबाळ नाही आणि जलप्रलयातून वाचलेला नोहा त्यांचा भाऊ शेथ याच्या वंशातला! मग हे रक्त पोचलं कुठून? यहुदी परंपरेत काहीजण काइनाच्या वंशातल्या तुबल-काइनाची बहीण नामा हीच नोहाची बायको मानतात. मला हाच धागा पटतो, पण मालिकेत याचा कुठे उल्लेख आहे का? नवव्या सीझनमधला काइन (काय भारी माणूस!) बघून झालाय. एपिसोड माहीत असेल तर प्लीज सांगा.